एक मोठ्याचं, एक लहानाचं

काराकोल. डिसेंबरची चार तारीख.
साबिरबेकच्या गॅरेजात पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त व्हायचे.
जमिनीत अजून डिझेल मुरलेलं आहे,
भिंतीला मात्र आता फळ्या टेकून उभ्या,
कोरियातून, ऑस्ट्रियातून,
कुणाकुणाच्या पायांखालून निसटून आलेल्या.

मी अकरा हिवाळे तिकीटखिडकीत बसले.
डोंगर पाहिला तो वीतभर फटीतून:
ओले हातमोजे, सुटे पैसे,
"दोन मोठ्यांची, एक लहानाचं."
गेल्या फेब्रुवारीत एकदाची वर गेले,
भाड्याच्या स्नोबोर्डवर,
ज्याला कुणी कधी आपलं म्हटलं नव्हतं
आणि जो म्हणूनच कुणाचं ऐकत नव्हता.

पहिला आठवडा बसूनच उतरले.
दुसरा, गळणाऱ्या पानासारखी, आडवी, इकडून तिकडे.
मार्च संपता संपता दोन वळणं एकमेकांना जोडता आली,
मग तीन,
मग पाच,
आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.
सहाव्याला हनुवटीवर आले.
टाके दोन.

"कुठला दाखवू, उलकान?"
मी लांडग्याकडे बोट करते.
काळा बोर्ड, उघडा जबडा, खालून लालभडक.
साबिरबेक त्याचं टोक जमिनीला टेकवतो,
मधोमध तळहातानं दाबतो.
लांडगा हलत नाही.
"ताठ आहे," तो म्हणतो.
"तुझी चूक तुलाच परत करेल, व्याजासकट."

मग विचारतो, "तू पडतेस कशी?"

अकरा वर्षांत मला लोकांनी खूप काही विचारलं,
लिफ्ट कधी बंद होते, संडास कुठे,
धुकं पडलं तर पैसे परत मिळतात का.
हे कुणीच नाही.

टाचांवर बरी असते, मी सांगते.
टाचांवर दरी समोर दिसते,
आणि दिसतंय तोवर मला भीती नसते.
बोटांवर गेले की दरी पाठीमागे जाते.
मग मी मान वळवून बघते.
तिथंच.

तो मान हलवतो, गिअरबॉक्सचा आवाज ऐकल्यासारखी.
माझे बूट उलटे करून नंबर वाचतो. सदतीस.
पुरुषांचे बोर्ड सरळ बाजूला काढतो:
"एवढे रुंद नकोत. या कडेवरून त्या कडेवर जाशील
तोवर डोंगर संपलेला असेल."
एक माझ्या कपाळापर्यंत, नको.
एक गळ्यापर्यंत, पोरांचा.
"हनुवटीच्या वर, नाकाच्या खाली.
बोलता येईल एवढा."

पुतण्या तिलेक, पंधरा वर्षांचा, मेणाची इस्त्री हातात धरून:
"एजे, काका तुम्हाला अगदीच मऊ देतील.
पुढच्या हिवाळ्यात कंटाळाल. मधला घ्या."
"कंटाळू दे की," काका म्हणतो, "हाडं शाबूत ठेवून कंटाळू दे."
दोघं माझ्या गुडघ्यांबद्दल भांडतात,
मी तिथं नसल्यासारखे.

मी स्वतःच एकेक दाबून पाहते.
एक फिकट हिरवा, चित्र झिजलेलं, बहुधा बदक,
कडेला एक जुनी खोच, राळ भरून बुजवलेली.
दाबला की वाकतो,
सोडला की हाताला ढकलतो. हळू, पण ढकलतो.
दोन्ही टोकं जराशी उचललेली,
बर्फात कड रुतायला नको म्हणून.
मी पुन्हा दाबते. पुन्हा ढकलतो.
लांडग्याकडे एकदा बघून घेते.

साडेआठ हजार सोम.
हे वॉशिंग मशीनचे पैसे होते.
कपडे आणखी वर्षभर हातानं.
तिलेक बाइंडिंग आवळतो,
पावलं थोडी बाहेर वळवून, बदकासारखीच,
आणि हसत नाही, हे त्याचे उपकार.

मार्शरुत्का भरलेली.
बोर्ड कुठंच मावत नाही,
शेवटी माझ्या शेजारच्या सीटवर उभा करते
आणि त्याच्या कमरेभोवती हात टाकते.
"त्याचंही भाडं पडेल," ड्रायव्हर आरशातून म्हणतो.

मी नोटा पुढे सरकवते.
"एक मोठ्याचं," मी म्हणते, "एक लहानाचं."
"बदकाला सवलत नाही."

बाहेर अंधारून येतं.
हनुवटीवरची खूण थंडीनं खाजते.
खाजवायला हात मोकळा नाही.